कपाट क्रमांक चारमधली रशियन पुस्तके

आपल्या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयाची पडताळणी झाली. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी तयार झाली आणि ती माजी विद्यार्थी समितीकडे माहितीसाठी आली. यादीच्या शेवटी एकच ओळ होती : "रशियन बालपुस्तके, पातळ, संच अपूर्ण, कपाट क्र. ४." किंमत रद्दीची. मी बत्तीस वर्षे छपाईच्या धंद्यात काढली असल्याने समितीने ती पुस्तके माझ्याकडे बघायला दिली. स्मरणिकेसाठी खरे तर मला आपल्या क्रीडामहोत्सवांवर लिहायला सांगितले होते. ते काम आमच्याच तुकडीतला दुसरा कोणी माझ्यापेक्षा चांगले करील. मी या पुस्तकांविषयी लिहितो, कारण ती ठेवायची की काढायची याचा निर्णय मेळाव्यातच व्हायचा आहे, आणि निर्णय करणाऱ्यांना ती काय वस्तू आहे हे माहीत असलेले बरे.

१९७९ च्या आसपासच्या तुकड्यांना ती आठवत असतील. आडवी किंवा चौकोनी, बारा-सोळा पानांची, मध्ये दोन टाचण्या मारलेली. मॉस्कोहून छापून येत. मुंबईचे लोकवाङ्मय गृह ती विकायचे, प्रदर्शने भरवायचे. किंमत इतकी कमी की शाळेच्या तुटपुंज्या ग्रंथालय-निधीतही ती बसत. मोठ्यांसाठी त्याच वाटेने गॉर्की आणि तोल्स्तोय येत, कॉलेजातल्या मुलांसाठी मीर प्रकाशनाची गणित-पदार्थविज्ञानाची पुस्तके येत. लहानांच्या वाट्याला आली ती अस्वले, लांडग्याची पिल्ले, साळिंदर आणि मुंग्या. स्वस्ताईमागे सोव्हिएत सरकारचा पैसा होता आणि त्या पैशामागे हेतू होता, हे उघड आहे. आमच्या घरी वडिलांना ती पुस्तके संशयास्पद वाटायची. "लाल लोकांचा प्रचार," असे ते म्हणत. पण लांडग्याच्या पिल्लाच्या गोष्टीत प्रचार कुठे शोधायचा हे त्यांनाही सांगता आले नाही.

कपाटातली बरीचशी पुस्तके इंग्रजी होती, थोडी मराठी. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून आणि तेही बेताचे. म्हणून शास्त्राचे सर ती पुस्तके वर्गात हातात धरून तोंडी मराठी करत वाचून दाखवायचे. त्यामुळे एकाच पुस्तकाची दर वर्षी वेगळी आवृत्ती निघे. एका वर्षी मुंगी "अहो, मला घरी सोडता का?" म्हणायची, पुढच्या वर्षी "ए दादा, ने ना मला!"

ही मुंगीची गोष्ट वितालि बियान्की याची. एक मुंगी बर्च झाडाच्या शेंड्यावर चढते, पिकल्या पानावर टेकते, पान गळते आणि वारा तिला दूर घेऊन जातो. सूर्य मावळला की वारुळाची दारे बंद होणार. पाय दुखावलेला. मग वाटेत भेटेल त्याची ती मदत मागते. मोजणी करत चालणारी अळी, लांब काड्यांसारख्या पायांचा कोळी, जमिनीवर धावणारा भुंगेरा, टुणकन उडी मारणारा छोटा किडा, पाण्यावर चालणारा कीटक, जड उडणारा भुंगा. प्रत्येक जण आपापल्या चालीने तिला थोडे पुढे नेतो. मुलांना ही घरी पोहोचण्याची शर्यत वाटते. पण प्रत्येकाची चाल तंतोतंत खरी आहे. अळी कमान करून शरीर ओढते तेव्हा पाठीवरच्याचे काय हाल होतील, कोळ्याचे गुडघे त्याच्या पाठीपेक्षा वर का असतात, पाण्यावरचा कीटक बुडत का नाही, हे सगळे गोष्टीच्या ओघात येऊन जाते. आमच्या सरांनी या एका पुस्तकावर कीटकांचा सबंध धडा उरकला होता. पाठ्यपुस्तकातली "कीटकांस सहा पाय असतात" ही ओळ त्यानंतर कोणाला पाठ करावी लागली नाही. आणि कोळ्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हे, हे वर्गातल्या मुलांनी चित्रातले पाय मोजून सरांना सांगितले.

बियान्कीचा जन्म १८९४ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील विज्ञान अकादमीच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात, पक्षितज्ज्ञ होते. लहानपण त्या काचेच्या कपाटांच्या आणि घरातल्या जिवंत पक्ष्यांच्या शेजारात गेले. १९२३ साली लेनिनग्राडात, म्हणजे तेव्हाच्या पेत्रोग्राडात, कवी सामुईल मार्शाक याच्याभोवती मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा गट जमत होता. त्यांच्या 'वरबेय' म्हणजे 'चिमणा' नावाच्या मासिकात बियान्कीची पहिली गोष्ट आली. पुढच्याच वर्षी त्या मासिकाचे नाव बदलून 'नवा रॉबिन्सन' झाले आणि त्यात बियान्की 'जंगलचे वर्तमानपत्र' हे सदर लिहू लागला.

या सदराचे १९२८ साली पुस्तक झाले. कल्पना साधी आणि झकास. शहरातल्या वर्तमानपत्रात फक्त माणसांच्या बातम्या असतात. मग जंगलात बातम्या होत नाहीत का? म्हणून बारा महिन्यांचे बारा अंक. वर्ष सुरू होते ते एक जानेवारीला नव्हे, तर दिवस-रात्र समान होतात त्या मार्चमधल्या दिवशी. आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास म्हणा ना! त्यात जंगलाहून आलेल्या तारा आहेत, बातमीदारांची पत्रे आहेत, जाहिराती आहेत, घरटी भाड्याने मिळण्याच्या तक्रारी आहेत, आणि शेवटी कोडी. लेखक ते पुस्तक मरेपर्यंत, १९५९ पर्यंत, सुधारत आणि वाढवत राहिला. नंतरच्या आवृत्त्यांत सामूहिक शेतीची पानेही शिरली. ती वाचताना लेखकाचा सूर बदललेला कळतो, पण हरकत नाही, ती पाने मुले उलटून पुढे जातात. योगायोग असा की त्याच १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. मराठी मुलांना आणि मोठ्यांना निसर्गाच्या बातम्या देण्याची गरज त्याच वर्षी इथेही कोणाला तरी वाटत होती.

आता जी गोष्ट मला त्या वयात कोणी सांगितली नाही आणि पुढे वाचनातून कळली, ती सांगतो. 'जंगलचे वर्तमानपत्र' लिहिणारा माणूस ते लिहीत असताना हद्दपार होता. क्रांतीच्या काळात समाजवादी क्रांतिकारक पक्षाशी असलेल्या संबंधांवरून बियान्कीला १९२५ साली अटक झाली आणि तीन वर्षांसाठी उराल्स्कला पाठवले गेले. १९३५ साली पुन्हा अटक, पुन्हा हद्दपारीचा हुकूम. गॉर्कीची पत्नी येकातेरिना पेश्कोवा हिने मध्यस्थी केल्यामुळे तो मागे घेतला गेला. पाहुण्या पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या तारखा इतक्या मायेने नोंदवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गावी राहण्याची मुभा नव्हती, हे कळल्यावर मी ते पुस्तक पुन्हा वाचले. त्यात कुरकुरीचा एक शब्द नाही.

आणि हे एकट्या बियान्कीचे नाही. लेनिनग्राडच्या बालपुस्तक विभागाचा कलासंपादक व्लादिमीर लेबेदेव. चित्रकारांनी चित्र नुसते कागदावर काढून छापखान्यात पाठवू नये, छपाईच्या शिळेवर स्वतः काढावे, असा त्याचा आग्रह. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या चित्रकारांनी जगातली उत्तम बालपुस्तके केली असे मी बेधडक म्हणतो. १ मार्च १९३६ रोजी 'प्राव्दा'त या चित्रकारांना रंग फासणारे ठरवणारा लेख आला. १९३७ साली त्या विभागाची पांगापांग झाली. संपादकांना कामावरून काढले, काहींना तुरुंगात टाकले. मुलांसाठी सूर्यातल्या हेलियमच्या शोधाची सुंदर गोष्ट लिहिणारा तरुण पदार्थवैज्ञानिक मात्वेय ब्रोन्श्टाइन याला १९३८ च्या फेब्रुवारीत गोळी घातली. ज्या राजवटीने ही पुस्तके आपल्या शाळेपर्यंत स्वस्तात पोहोचवली, तिनेच ती करणाऱ्यांची ही दशा केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वडील हयात असते तर त्यांना मी हे सांगितले असते, आणि पुस्तके तरीही दाखवली असती.

लेबेदेवच्या या मंडळींतला माझा आवडता येव्गेनी चारुशिन. जन्म १९०१, व्यात्का गावचा. वडील वास्तुशिल्पी, घरात आणि अंगणात प्राणी-पक्षी भरपूर. लहानपणी पक्षी जे जे खातात ते सगळे खाऊन बघायचे त्याने ठरवले, आणि विषमज्वराने आजारी पडला! ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या वर्गातही असा एक वल्ली होता. नाव लिहीत नाही, मेळाव्याला तो येणार आहे.

चारुशिनने बियान्कीच्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि मग स्वतःच लिहू-चितारू लागला. लांडग्याचे पिल्लू, शिकारी कुत्रे, मांजर, ससा, अस्वलाची बछडी. त्याची चित्रे बघून मी छपाईकडे वळलो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण छपाईत आल्यावर ती चित्रे कशी झाली हे कळले आणि मी थक्क झालो. त्याच्या प्राण्यांना बाह्यरेषाच नसते. आपण शाळेत चित्रकलेच्या तासाला आधी पेन्सिलीने आकार काढायचो आणि मग आत रंग भरायचो. चारुशिन केसांपासून सुरुवात करतो. जवळजवळ कोरडा ब्रश, किंवा शिळेवर चालणारा चरबीयुक्त खडू. शिळेचा पृष्ठभाग दाणेदार असतो, त्यामुळे रंग सलग बसत नाही, मध्ये मध्ये कागद दिसतो, आणि त्यातून लव तयार होते. पिल्लाच्या पोटाखालची मऊ, पाठीवरची राठ. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, म्हणून खर्च वाचवायला रंग मोजकेच : करडा, तपकिरी, काळा, क्वचित एखादा पिवळा. पांढरा रंग छापायचा नाहीच, तो कागदाने द्यायचा. बर्फ म्हणजे न छापलेला कागद. या कमतरतेतून जे देखणेपण आले ते पुढे चार रंगांच्या यंत्रावर आम्हाला कधी साधले नाही.

शिळाछाप आपल्याकडे परकी नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तके आणि पंचांगे शिळाछापावर निघत. राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती बहुधा तिथलीच. तंत्र तेच. पण आपण त्यावर देव छापले आणि लेनिनग्राडवाल्यांनी लांडगे. मुलांसाठी आपल्या अंगणातली खार किंवा बुलबुल शिळेवर चितारणारा कोणी आपल्याकडे निघाला असता तर, असे मनात येते. नंतर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने ती उणीव थोडी भरून काढली. जमाल आरा या बाईंचे पक्षिनिरीक्षणावरचे छोटे पुस्तक १९७० चे, त्याच मालेतले. पण तोवर शिळांचे दिवस सरले होते.

चारुशिनच्या प्राण्यांबद्दल आणखी एक. इंग्रजी पुस्तकांतल्या सशाला, बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या १९०२ सालच्या पीटर सशाला, निळा कोट आहे. तोही गोड आहे, आणि बाईंचा निसर्गाचा अभ्यास पक्का होता. चारुशिनच्या अस्वलाला सदरा नाही, विजार नाही. ते अस्वल आहे, आणि तरीही मुलाला ते आपले वाटते. हे फार अवघड काम आहे. त्या काळी रशियात या प्रश्नावर भांडणही पेटले होते. प्राण्यांना बोलायला लावणे म्हणजे मुलांना खोटे शिकवणे, असे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणत. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिने १९२८ साली चुकोव्स्कीच्या मगरीच्या कवितेवर 'प्राव्दा'त झोड उठवली. बियान्कीने त्यातून स्वतःची वाट काढली. त्याचे पक्षी बोलतात, पण पक्ष्याने केले नसते असे काही करत नाहीत. या प्रकाराला तो 'गोष्टी, तरी गोष्टी नव्हेत' असे म्हणे. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे. ती मला आजही प्रिय आहे, पण तिच्यावरून चिमणीचे घरटे ओळखता येत नाही.

बियान्कीची घरट्यांची गोष्ट मात्र नुसती ऐकून ओळखता येते. नदीकाठच्या दरडीत बिळे करून राहणाऱ्या पाकोळीचे पिल्लू उडायला शिकते, भरकटते, रात्र होते. ते एकेकाच्या घरी जाते. वाळवंटातल्या गोट्यांमध्ये उघड्यावर अंडी घालणारा पक्षी, काटक्यांची फट दिसणारी पारव्याच्या जातीची चवड, हळद्याचे फांदीला लटकणारे विणलेले घर, गवतातली वटवट्याची झोपडी, आणि पाणडुबीच्या कुळातल्या पक्ष्याचे पाण्यावर तरंगणारे लव्हाळ्यांचे घर. प्रत्येक ठिकाणी पाकोळीचे काहीतरी बिनसते. शेवटी ती आपल्या दरडीत परतते आणि झोपते. हळद्या आपला, पाणडुबी आपली, टिटवीचे गोट्यांतले घरटे आपण सगळ्यांनी पाहिलेले. सर हे पुस्तक वाचून झाल्यावर आम्हाला शाळेमागच्या नदीवर घेऊन गेले आणि पलीकडच्या दरडीतली बिळे दाखवली. वरच्या बाजूला ओळीने, मुठीएवढी. पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. रशियातली गोष्ट आपल्या नदीवर चालू होती.

भाषांतराची अडचण मात्र खरी होती. रशियन जंगलातल्या कित्येक पक्ष्यांना मराठीत नाव नाही, आणि ज्यांना आहे त्यांची नावे सरांनाही सगळी माहीत नसत. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश तेव्हा यायचा होता. बियान्कीची एक छोटी वल्गुली सगळे वर्ष महिन्या-महिन्याने फिरते, तिला सर नुसते "चिमणीची मावसबहीण" म्हणायचे. पण पांढऱ्या धोब्याचे चित्र आले की वर्ग ओरडायचा, कारण तो शेपटी हलवणारा पक्षी दिवाळीनंतर आपल्या मैदानावर यायचाच. तो उत्तरेतून, त्या बर्फाच्या बाजूने हिवाळ्यापुरता येतो, हे सरांनी नकाशावर बोट ठेवून सांगितले. त्या दिवशी भूगोलही त्याच पुस्तकातून झाला.

१९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि पुस्तके यायची थांबली. इतक्या वर्षांत कोणी ती विकत घेऊन भर घातली नाही, कारण घ्यायला नव्हतीच. म्हणून यादीत "संच अपूर्ण" लिहिले आहे. तो पूर्ण होणार नाही. चारुशिन १९६५ साली वारला. त्याच वर्षी मार्शाकच्या पिंजऱ्यातल्या पिल्लांच्या कवितांसाठी त्याने काढलेल्या चित्रांना लाइपझिगच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्याची जुनी पुस्तके आता संग्राहक शोधत फिरतात. पण मी ती किमतीसाठी ठेवा म्हणत नाही. आपल्या प्रती हाताळून इतक्या मळल्या आहेत की संग्राहक त्यांना हात लावणार नाही. एका लांडग्याच्या पिल्लाच्या नाकावर पिढ्यांच्या बोटांनी भोक पडले आहे.

समितीतल्या काहींचे म्हणणे असे की त्या कपाटाच्या जागी संगणक बसवावा, आणि प्राण्यांच्या चित्रफिती मुलांना आज हवी तेवढी मिळतात. चित्रफिती मीही बघतो, नातवाबरोबर. त्यात चित्ता पळतो, मगर हरणाला ओढते, आणि सगळे आफ्रिकेत घडते. पावणेदोन मिनिटांत नातू पुढची लावतो. चारुशिनच्या पानावर तो किती वेळ थांबतो ते मी पाहिले आहे. तो कान मोजतो, मिश्या मोजतो, पिल्लू कुठे बघते आहे हे विचारतो. नदीवर त्याला घेऊन गेलो होतो. वाळूउपशाने दरड ढासळली आहे, पलीकडच्या काठाला सिमेंटचा घाट झाला आहे. बिळे नाहीत. त्याला दाखवायला माझ्याकडे पुस्तकातलेच चित्र उरले. संगणक अवश्य घ्या, पण तो ठेवायला चित्रकलेच्या जुन्या खोलीत जागा आहे. मी मोजून आलो आहे.

मी काय केले आहे तेही सांगून ठेवतो. टाचण्या गंजून कागद खात होत्या, त्या काढून सुती दोऱ्याने शिवण घातली. फाटलेल्या पानांना जपानी कागद आणि खळ लावली, सेलोटेप कोणीही लावू नये. मुखपृष्ठे सुटू नयेत म्हणून वेष्टने केली. एकूण तेवीस पुस्तके वाचली आहेत. मेळाव्याच्या दिवशी ती ग्रंथालयाच्या मोठ्या टेबलावर मांडून ठेवतो. बघताना हात कोरडे असू द्या. नाश्त्यानंतर येणार असाल तर आधी धुऊन या.

दाखल-नोंदवहीप्रमाणे मूळ पुस्तके एकतीस होती. आठ कोणाच्या तरी घरी आहेत. १९७४ ते १९८२ या तुकड्यांनी माळ्यावरच्या ट्रंका एकदा उघडून बघाव्यात ही विनंती, दंड घेतला जाणार नाही. मुंगीच्या पुस्तकाचे शेवटचे पान गेले आहे. मुंगी दारापर्यंत पोहोचते आणि पुस्तक संपते. कोणाकडे ते नुसते पान असले तरी आणावे, मी शिवून देईन.